शस्त्रसंधीनंतरची शाळा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभे आयुष्य खेड्यातल्या शाळेत घालवले. माझीही सगळी नोकरी याच वर्धा जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. आधी शिक्षिका म्हणून, शेवटची वर्षे मुख्याध्यापिका म्हणून. तेव्हा बोलायचे ते शाळेबद्दलच, हे ठरलेले होते. फक्त आज मला तुम्हाला अशा मुलखातल्या शाळेत न्यायचे आहे, जिथे नुकतेच युद्ध थांबले आहे.

युद्ध थांबते म्हणजे काय होते? करारावर सह्या होतात, नेत्यांचे फोटो छापून येतात, बंदुका खाली ठेवल्या जातात. मग काही दिवसांनी एखाद्या गावात शाळेचे दार उघडते. आत आलेल्या मुलांपैकी कुणाचे घर जळालेले असते, कुणाचा बाप मारला गेलेला असतो, आणि एखाद्याचा बाप मारणाऱ्यांत असतो. ती सगळी मुले एकाच पट्टीवर बसलेली असतात. समोर उभ्या असलेल्या बाईंनी किंवा गुरुजींनी पहिल्या तासाला काय शिकवायचे?

या प्रश्नाला ज्यांनी आपल्या आयुष्याने उत्तर दिले, त्यातली बरीच माणसे वर्ध्याच्या मातीत काम करून गेलेली आहेत. त्यांच्यातल्या एका मुख्याध्यापिकेबद्दल मी मुख्यतः बोलणार आहे. त्यांचे नाव मार्जरी साइक्स.

मार्जरीबाईंचा जन्म १९०५चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यातला. कोळशाच्या खाणींचा तो भाग, आणि वडील खाणकामगारांच्या वस्तीत शाळामास्तर. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. म्हणजे ज्या वयात आपली मुले तिसरी-चौथीत असतात, त्या वयात त्यांनी आपल्या देशाला शेजारच्या देशाचा द्वेष करायला शिकताना पाहिले. पुढे त्या केंब्रिजला शिकल्या आणि १९२८ मध्ये मद्रासला मुलींच्या एका मिशनशाळेत शिकवायला आल्या. तमिळ शिकल्या, त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. युद्धाला कोणत्याही कारणाने हात न लावणाऱ्या क्वेकर पंथाशी त्यांचे नाते जुळले. १९३९ मध्ये त्या रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात गेल्या आणि १९४९ मध्ये सेवाग्रामला आल्या. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी भारताचे नागरिकत्वही घेतले. सेवाग्रामला नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या हातकामातून शिकवण्याच्या पद्धतीच्या, शिक्षकांना तयार करण्याचे काम त्यांच्याकडे आले. पुढची दहा वर्षे त्या इथे होत्या.

त्या आल्या त्या वर्षी सेवाग्राममध्ये काय चालले होते, ते थोडे सांगायला हवे. डिसेंबर १९४९ मध्ये जगभरच्या युद्धविरोधी मंडळींची परिषद आधी शांतिनिकेतनात आणि मग सेवाग्राममध्ये भरली. ही परिषद व्हावी हा विचार गांधीजींच्या हयातीतला; ती भरली तेव्हा ते नव्हते. दुसरे महायुद्ध संपून जेमतेम चार वर्षे झाली होती. इंग्लंडहून लेखिका व्हेरा ब्रिटन आल्या होत्या. पहिल्या महायुद्धात त्यांचा भाऊ आणि होणारा नवरा दोघेही गेले होते. कालपर्यंत एकमेकांवर बाँब टाकणाऱ्या देशांतली माणसे आपल्या सेवाग्रामच्या जमिनीवर मांडी घालून एका पंगतीला जेवली. वर्ध्याच्या इतिहासातली ही मोठी घटना आपण फारशी आठवत नाही, याचे मला वाईट वाटते.

आता शाळेकडे येऊ. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला वर्ध्यात शिक्षण परिषद झाली, नई तालीमची आखणी करायला झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. समितीत विनोबा होते, काकासाहेब कालेलकर होते, कुमारप्पा होते, आशादेवी आर्यनायकम् होत्या. आशादेवींचे पती ई. डब्ल्यू. आर्यनायकम् हे निमंत्रक. ते मूळचे श्रीलंकेतल्या जाफन्याचे तमिळ, त्या बंगाली. दोघेही शांतिनिकेतनातून वर्ध्याला आलेले. या दांपत्याने हिंदुस्तानी तालीमी संघ आणि सेवाग्रामची शाळा उभी केली.

नई तालीम म्हणजे चरखा आणि टकळी, एवढेच चित्र आपल्या डोक्यात राहिले आहे. ते चित्र चुकीचे नाही, पण फार तोकडे आहे. टकळीच घ्या. डाव्या हातात पेळू, उजव्या हाताच्या चिमटीत टकळीची दांडी. दांडीला पीळ द्यायचा आणि त्याच वेळी डावा हात हळूहळू वर न्यायचा. घाई केली की सूत तुटते, हात रेंगाळला की जाड येते. तुटले तर ओरडायचे नाही, रडायचे नाही. दोन टोके जुळवून सांधायचे आणि पुढे चालू. ४ फुटांची एक तार, अशा ६४० तारांची एक गुंडी. पहिली-दुसरीतले पोर हे मोजत मोजत गणित शिकायचे. पण मला त्यात गणितापेक्षा वेगळे काही दिसते. ज्या मुलाच्या मनात भीती बसली आहे, त्याचे हात स्थिर नसतात. त्याला धीर धर म्हणून सांगून काही होत नाही. त्याच्या हातांना असे काम द्यावे लागते, जे धीराशिवाय होतच नाही, आणि बिघडले तर लगेच पुन्हा सुरू करता येते.

दुसरी गोष्ट सफाईची आणि स्वयंपाकघराची. सेवाग्रामच्या शाळेत दिवस सफाईने सुरू व्हायचा. संडास मुले आणि शिक्षक मिळून साफ करत, मैल्याचे खत होई, ते शेतात जाई, शेतातली भाजी स्वयंपाकघरात येई. किती धान्य लागले, किती उरले, याचा हिशेब मुलेच ठेवत. भांडण झाले, कुणी काम चुकवले, तर ते मुलांच्या सभेपुढे येई. १९३०-४० च्या मध्य प्रांत-वऱ्हाडात निरनिराळ्या जातींच्या मुलांनी एका चुलीवर शिजलेले खाणे आणि एकमेकांचा संडास धुणे म्हणजे काय, हे आज तरुणांना समजावून सांगावे लागते. त्यात शतकानुशतकांचे एक युद्ध रोज सकाळी झाडूने थांबवले जात होते.

या शाळेची पहिली मोठी परीक्षा फाळणीनंतर झाली. सरहद्द प्रांतातून, बन्नू, कोहाट, डेरा इस्माइल खान अशा ठिकाणांहून उठवल्या गेलेल्या हजारो निर्वासितांचे नवे गाव दिल्लीजवळ फरीदाबादला वसवायचे ठरले. १९४९ मध्ये त्यासाठी मंडळ नेमले गेले, अध्यक्ष राजेंद्रबाबू होते आणि पंतप्रधान नेहरू जातीने लक्ष घालत होते. निर्वासितांनी सहकारी संस्था करून आपली घरे आपल्याच हातांनी बांधली. तिथल्या मुलांच्या शिक्षणाचे काम सेवाग्रामच्या तालीमी संघाकडे आले, आणि आशादेवी इथले कार्यकर्ते घेऊन गेल्या.

तिथली परिस्थिती डोळ्यांपुढे आणा. इमारती नाहीत, फळे नाहीत, पुस्तके नाहीत. पण सेवाग्रामच्या शिक्षकाला इमारतीची वाट पाहायची सवयच नव्हती. गाव बांधले जात होते, म्हणजे काम समोर होते. छावणीची सफाई, पाण्याची व्यवस्था, लहान भावंडांना सांभाळणे, सूत, भाजीचा वाफा: यातूनच शाळा. सरकारी खात्याला युद्धानंतरची शाळा म्हटले की आधी खोल्या, मग बाके, मग पदे मंजूर करणे दिसते. त्याला दोन-तीन वर्षे जातात, आणि तेवढ्यात मुलाचे बालपण निघून जाते. सेवाग्रामच्या माणसांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. मला वाटते, युद्धातून उठणाऱ्या कोणत्याही देशाने वर्ध्याकडून घ्यावी अशी पहिली गोष्ट हीच आहे. पुढे सगळीकडे आला तसा फरीदाबादलाही नेहमीच्या शाळांचा साचा आला. सुरुवातीच्या दिवसांत मुलांना जे मिळाले, त्याचे मोल त्याने कमी होत नाही.

आता मार्जरीबाईंच्या मागोमाग नागालँडला जाऊ.

तिथल्या कोहिमा या नावाशी आपला संबंध बातम्यांपुरता. एप्रिल ते जून १९४४ या काळात जपानी आणि ब्रिटिश-भारतीय सैन्यात तिथे हातघाईची लढाई झाली आणि गाव जवळजवळ जमीनदोस्त झाले. ते सावरते न सावरते तोच दुसरा संघर्ष उभा राहिला. नागा राष्ट्रीय परिषदेने १४ ऑगस्ट १९४७ला आपले स्वातंत्र्य जाहीर केले होते. पन्नाशीच्या दशकात सशस्त्र लढा सुरू झाला, लष्कर आले, १९५८ मध्ये सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा कायदा झाला. गावे जळाली, धान्याची कोठारे जळाली, गावेच्या गावे उठवून एका जागी ठेवली गेली. १ डिसेंबर १९६३ला नागालँड राज्य झाले तरी गोळीबार थांबला नाही. शेवटी तिथल्या बाप्टिस्ट चर्चने पुढाकार घेतला. जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री विमलाप्रसाद चालिहा आणि रेव्हरंड मायकेल स्कॉट यांचे शांतिमंडळ झाले, आणि ६ सप्टेंबर १९६४ पासून शस्त्रसंधी लागू झाली.

या शस्त्रसंधीवर नजर ठेवायला निरीक्षकांचे एक पथक नेमले गेले. त्यात गांधीविचाराची माणसे होती: ओडिशाचे माजी मुख्यमंत्री नवकृष्ण चौधरी, दक्षिणेतले डॉ. एम. अराम आणि मार्जरी साइक्स. मार्जरीबाई १९५९ मध्ये सेवाग्राम सोडून निलगिरीत कोटागिरीला राहायला गेल्या होत्या आणि तिथे शांतिसेनेच्या कार्यकर्त्यांना तयार करत होत्या. साठीला टेकलेल्या या शिक्षिका नागालँडच्या डोंगरांत गेल्या आणि १९६७ पर्यंत त्या कामात राहिल्या.

त्या पथकात एक शाळामास्तरीण कशासाठी, असा प्रश्न कुणाला पडेल. मला तो पडत नाही. निरीक्षकाचे काम असे: अमुक गावात शस्त्रसंधी मोडली अशी तक्रार आली की तिथे जायचे. एक बाजू सांगते, आधी त्यांनी केले. दुसरी सांगते, आम्ही तर गावातच नव्हतो. गावातली माणसे गप्प बसतात, कारण पथक निघून गेल्यावर त्यांना तिथेच राहायचे असते. आता ज्यांनी तीस-चाळीस मुलांच्या वर्गात मधल्या सुट्टीनंतरची भांडणे सोडवली आहेत, त्यांना विचारा. दोघांचे शेवटपर्यंत ऐकून घेणे, ऐकताना चेहरा न बदलणे, जो रडत नाही त्याच्याकडे जास्त लक्ष देणे, कुणालाही सगळ्यांसमोर खोटे न पाडणे. राजदूताला हे प्रशिक्षणात शिकवावे लागत असेल. शाळेत ते रोजच्या रोज करावे लागते. आणि मार्जरीबाईंच्या मागे सेवाग्रामची दहा वर्षे होती. जी बाई दहा वर्षे मुलांबरोबर संडास धुण्यापासून दिवस सुरू करते, तिला अनोळखी गावातल्या चुलीपाशी बसायला संकोच वाटत नाही. लोक बोलतात ते तिथे, व्यासपीठापुढे नाही.

ती शांतता अर्धीमुर्धीच होती, हे सांगितले पाहिजे. १९६६ मध्ये जयप्रकाशजींनी राजीनामा दिला, मायकेल स्कॉट यांना देश सोडावा लागला, शांतिमंडळ संपले. दिल्लीतल्या वाटाघाटींतून काही निघाले नाही. तरी निरीक्षकांचे काम चालू राहिले, डॉ. अराम तर पुढची कितीतरी वर्षे तिथे होते. १९७२ मध्ये शस्त्रसंधीच संपली. पण त्या आठ वर्षांत डोंगरांतल्या गावांनी पेरले आणि कापले. जी मुले १९६४ मध्ये पहिलीत गेली, ती सातवी-आठवीपर्यंत पोचू शकली. राजकारणाच्या हिशेबात हे अपयश ठरत असेल. मी शाळेच्या हजेरीपटाच्या बाजूने पाहते, आणि मला आठ वर्षे ही फार मोठी गोष्ट वाटते.

नागालँडला जाणारी आणखी एक वाट वर्ध्याजवळून गेली आहे. काकासाहेब कालेलकर साताऱ्याचे, आणि बरीच वर्षे वर्ध्यात राहिलेले. त्यांच्या प्रेरणेने आपल्या महाराष्ट्रातल्या डहाणूचा एक तरुण, नटवर ठक्कर, १९५५ मध्ये नागा डोंगरात गेला. वय २३. मोकोकचुंग जिल्ह्यातल्या चुचुयिमलांग या गावी त्यांनी आश्रम काढला. शस्त्रसंधीला अजून नऊ वर्षे होती, म्हणजे भर धुमश्चक्रीचा काळ. मैदानातून आलेल्या माणसावर भूमिगत नागा लढवय्यांचा विश्वास बसायचा नाही, आणि नागा गावात राहणाऱ्याकडे लष्करही संशयानेच पाहायचे. तिथल्याच लेंटिना आओ यांच्याशी त्यांनी लग्न केले. त्या स्वतः कस्तुरबा ट्रस्टच्या कार्यकर्त्या होत्या. दोघांनी मिळून मधमाश्या पाळायला, गूळ करायला, तेलघाणी चालवायला, सुतारकाम करायला शिकवले. २०१८ मध्ये नटवरभाई गेले, तोवर ते तिथेच होते. १९८७ मध्ये त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. दोघांनाही पद्मश्री मिळाली, नटवरभाईंना १९९९ मध्ये, लेंटिनाबाईंना २०१८ मध्ये. मधाची पेटी आणि गुळाची कढई घेऊन साठ वर्षे एका गावात राहणे, याला मी शिक्षकाचीच नोकरी म्हणते.

तुम्ही म्हणाल, बाई, आपल्याकडे कुठे युद्ध झाले? खरे आहे, आपल्या जिल्ह्यात तोफा वाजल्या नाहीत. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कपाशीच्या पट्ट्यातल्या शाळेत ज्यांनी नोकरी केली आहे, त्यांना विचारा, बाप गेलेल्या मुलाला वर्गात परत घेणे कसे असते. माझ्या शाळेत सहावीतला एक मुलगा होता. बापाने शेतात फवारणीचे औषध घेतले. चौदावा झाल्यावर मुलगा शाळेत आला आणि बोलेनासा झाला. वर्गातली पोरेही त्याच्याशी बोलायला घाबरत. घरी कानावर पडलेले काहीबाही त्यांच्या डोक्यात होते. आम्ही त्याला काही विचारले नाही. पोषण आहाराच्या वेळी ताटे मोजून देण्याचे काम त्याच्याकडे दिले. ते काम बोलल्याशिवाय होत नाही. किती आले, किती बाकी, हे वाढणाऱ्या ताईंना सांगावेच लागते. आधी तो बोटे दाखवायचा. मग आकडे बोलू लागला. मग परसबागेत वांग्याच्या वाफ्याला पाणी द्यायला दुसऱ्या मुलाबरोबर जाऊ लागला, आणि पाइप कुणी धरायचा यावरून एक दिवस दोघांचे कडाक्याचे भांडण झाले. आमचे शिक्षक त्या दिवशी आनंदाने मला सांगत आले. दोन वर्षांनी तो आठवी करून हायस्कूलला गेला. मी त्या काळात मार्जरीबाईंचे नई तालीमच्या पन्नास वर्षांवरचे पुस्तक वाचत होते. १९८८चे ते पुस्तक सेवाग्रामच्याच नई तालीम समितीने काढलेले आहे. त्यातले स्वयंपाकघर आणि माझ्या शाळेतली ताटांची चळत मला एकाच गोष्टीची दोन टोके वाटू लागली.

म्हणून मला एका गोष्टीची मनापासून खंत आहे. १९५९ मध्ये तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला आणि सेवाग्रामची शाळा हळूहळू थांबली. २००५ मध्ये आनंद निकेतन या नावाने ती पुन्हा सुरू झाली. मुले शेतात, स्वयंपाकघरात, सुतावर काम करत शिकताना तिथे आजही पाहायला मिळतात. पण जिल्ह्यातले आमचे डी.एल.एड.चे विद्यार्थी एखाद्या दिवसाच्या सहलीपलीकडे तिथे जात नाहीत. पाठ टाचणे, माहिती भरणे, ऑनलाइन प्रशिक्षणे यांत त्यांची दोन वर्षे संपतात. दुःखात असलेल्या मुलाजवळ कसे बसावे, दोन वैऱ्यांच्या मुलांना एका कामाला कसे लावावे, याचा सराव त्यांना कुठेच मिळत नाही. आणि जगाला तर अशा शिक्षकांची सतत गरज आहे. आर्यनायकम् ज्या जाफन्यातून आले, तिथे त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, १९८३ मध्ये, यादवी युद्ध पेटले आणि २००९ पर्यंत चालले. जाफन्याचे प्रसिद्ध ग्रंथालय त्याआधीच, १९८१ मध्ये, जाळले गेले होते. त्या मुलखाने आपल्याला एक शिक्षक दिला आणि त्याने इथे एक रीत घडवली. ती रीत घेऊन इथून कुणी जाफन्याला परत जावे, असे मला फार वाटते.

तेवढे मोठे काम उद्या होणार नाही, हे मला समजते. पण दोन लहान गोष्टी होऊ शकतात आणि त्यासाठी मी आज इथे उभी आहे. पहिली: जिल्ह्यातल्या अध्यापक विद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना किमान एक महिना आनंद निकेतनमध्ये राहायला पाठवावे. निरीक्षणासाठी नाही, सफाईला आणि स्वयंपाकाला. दुसरी: चुचुयिमलांगशी पत्रव्यवहार सुरू करावा. तिथले चार-दोन तरुण शिक्षक इकडे यावेत आणि इथले तिकडे जावेत. जाण्यायेण्याचा खर्च काढायचा झाला तर या सभागृहात बसलेल्या निवृत्त शिक्षकांनी दरवर्षी एका महिन्याच्या पेन्शनचा थोडा भाग दिला तरी पुरेल. मी माझा देते.

त्यांना बोलवायचे ते दिवाळीनंतर, वेचणीच्या दिवसांत बोलवावे. म्हणजे शेतातून कापूस वेचून आणणे, रेच्यावर सरकी काढणे, पिंजणे, पेळू करणे, सगळे मुलांबरोबर पहिल्यापासून करता येईल. त्यांची राहण्याची सोय सेवाग्राम रोडला माझ्या घरी होईल. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत.